लाल लेट्यूस पॉलिहाउसमध्ये हिरवाच राहतो तेव्हा: आधी छताचा पेपर तपासा

लोलो रोसो किंवा रेड ओकलीफ हा लाल पानांचा लेट्यूस लावला, रोपे जोमदार वाढली, गड्डा भरला, पण काढणी आली तरी पानांच्या कडांना नुसती तांबूस झाक आहे. असा माल लाल लेट्यूस म्हणून विकला जात नाही. मग खताच्या टाकीत फेरफार सुरू होतात: पोटॅश वाढवा, मॅग्नेशियम द्या, एखादे ‘कलर’ नावाचे टॉनिक फवारा. त्यातून फारसे काही हाती लागत नाही, कारण पुष्कळदा दोष मुळांशी नसून डोक्यावर असतो. छताचा पेपर, म्हणजे वर ताणलेला प्लास्टिकचा पारदर्शक कागद, सूर्यप्रकाशातले अतिनील (यूव्ही) किरण अडवत असेल, तर लाल रंग तयार करण्याचा निरोपच पानाला पोचत नाही.

गुलाबासाठी उभारलेल्या पॉलिहाउसमध्ये नंतर परदेशी भाजीपाला घेतला, की ही अडचण हमखास येते. लाल गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या अतिनील किरणांनी काळवंडतात, थंडीत जास्तच. म्हणून तळेगाव दाभाडेसारख्या फुलशेतीच्या पट्ट्यात अतिनील अडवणारा पेपर निवडणे शहाणपणाचे असते. तोच पेपर लाल लेट्यूसचा रंग मारतो.

पानात नेमके काय घडते

अतिनील किरणांचे तीन भाग आहेत. ३१५ ते ४०० नॅनोमीटर म्हणजे यूव्ही-ए, २८० ते ३१५ म्हणजे यूव्ही-बी आणि १०० ते २८० म्हणजे यूव्ही-सी. यूव्ही-सी वातावरणातच संपतो. यूव्ही-बीचा बराचसा भाग ओझोनचा थर शोषतो आणि थोडा जमिनीपर्यंत येतो. रंगाच्या दृष्टीने हा थोडासा भागच मोलाचा.

वनस्पतीच्या पेशीत यूव्ही-बी ओळखणारे एक खास प्रथिन असते, त्याचे नाव यूव्हीआर-८. ते यूव्ही-बीचे ग्राहक म्हणून काम करते हे २०११ मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीवर दाखवून देण्यात आले. एरवी या प्रथिनाचे रेणू जोडीने असतात. त्यांतल्या ट्रिप्टोफॅनने यूव्ही-बी शोषला की जोडी फुटते, सुटा रेणू सीओपी-१ या दुसऱ्या प्रथिनाला धरतो आणि एचवाय-५ नावाचा नियंत्रक पेशीत टिकून राहतो. हा नियंत्रक चाल्कोन सिंथेज या विकराचे जनुक चालू करतो. तिथून फ्लॅव्होनॉल आणि अँथोसायनिन तयार होण्याची साखळी सुरू होते.

यातले फ्लॅव्होनॉल डोळ्यांना जवळपास रंगहीन दिसतात, पण अतिनील किरण अडवण्याचे मुख्य काम तेच करतात. पानाच्या वरच्या त्वचेच्या पेशींत ते साठतात आणि आतल्या हरितद्रव्याला आणि डीएनएला आडोसा देतात. आपल्याला दिसणारा लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा. यूव्ही-ए आणि निळा प्रकाश क्रिप्टोक्रोम या वेगळ्या ग्राहकामार्फत याच साखळीला जोर देतो. म्हणून अतिनील पूर्ण बंद असला तरी लेट्यूस अगदी निव्वळ हिरवा राहत नाही, थोडी लाली येतेच. बाजाराला हवा असलेला गडद रंग मात्र त्यातून सहसा मिळत नाही.

सगळे लाल काही अँथोसायनिन नसते, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. लाल माठ, बीट आणि बोगनवेल यांचा रंग बीटालेन या निराळ्या गटातला आहे. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा, आणि तो बिघडतो तो प्रामुख्याने तापमान ३० ते ३२ अंशांच्या वर बराच काळ राहिल्याने. त्यामुळे टोमॅटोला रंग यावा म्हणून यूव्ही दिवे लावणे म्हणजे पैसा वाया. शंका असेल तर पानाचा रस काढून त्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. अँथोसायनिन असेल तर रंग निळसर-हिरव्याकडे झुकतो, माठाचा रस मात्र लालच राहतो.

दोष खरेच पेपरचा आहे का

चाचणी सोपी आहे. काढणीला आठ-दहा दिवस उरले असताना कुंडीतली किंवा पिशवीतली पाच रोपे बाहेर काढा, पाच आतच ठेवा. पाणी, खत सारखेच द्या. बाहेरची रोपे ५ ते ७ दिवसांत ठळक लाल झाली, तर प्रकाशाचा प्रश्न आहे हे नक्की. बाहेरचीही हिरवीच राहिली, तर जात, उष्णता किंवा नत्र पाहा. रात्रीचे तापमान १२ ते १८ अंश असताना रंग चांगला चढतो. दिवसा ३० च्या वर आणि रात्रीही उकाडा असेल, तर बनलेले अँथोसायनिनही टिकत नाही. नत्र जास्त झाले की पान लुसलुशीत, मोठे आणि फिके होते. हायड्रोपोनिक्समध्ये (मातीविना, खताच्या पाण्यावरच्या शेतीत) ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, १.२ ते १.८ आणि सामू (पीएच) ५.५ ते ६.५ या टप्प्यात असेल, तर खताच्या टाकीला आणखी हात लावू नका.

आता पेपर. दुकानात ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड, २०० मायक्रॉन’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ एवढाच, की उन्हात पेपर लवकर कुजून फाटणार नाही. तो अतिनील आत सोडतो की नाही, हे त्यातून कळत नाही. काही पेपरमध्ये हाल्स गटातली द्रव्ये असतात. ती उन्हाने होणारी मोडतोड थांबवतात, पण अतिनील किरण फारसे शोषत नाहीत. काहींमध्ये बेंझोफिनोन किंवा बेंझोट्रायझोल गटातले शोषक असतात, ते साधारण ३५० ते ३८० नॅनोमीटरच्या खालचे बरेचसे किरण गिळून टाकतात. दोन्ही पेपर दिसायला सारखेच पारदर्शक. म्हणून विक्रेत्याकडे पेपरचा पारगमन आलेख मागा, म्हणजे २८० ते ४०० नॅनोमीटरमध्ये किती टक्के प्रकाश पार होतो याचा. आलेख नसेल तर तोंडी खात्रीवर विसंबू नका.

घरच्या घरी तपासायचे असेल तर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च आणि एक नोट पुरते. नोटेवरचे क्रमांक आणि तंतू या प्रकाशात चमकतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आणि नोट यांच्या मध्ये पेपरचा पुसून स्वच्छ केलेला तुकडा धरा. चमक जवळपास तशीच राहिली तर पेपर यूव्ही-ए सोडतो. चमक विझली तर पेपरात शोषक आहे, आणि असा पेपर यूव्ही-बीसुद्धा अडवतो असे धरून चाला. स्वस्तातले टॉर्च मात्र ३९५ नॅनोमीटरचे असतात. तो प्रकाश अडवणाऱ्या पेपरमधूनही बराच जातो आणि निष्कर्ष उलटा निघतो. टॉर्चवरचा आकडा वाचल्याशिवाय ही चाचणी करू नका.

ही चाचणी काचेला लावू नका. खिडकीची साधी काच ३६५ नॅनोमीटर बऱ्यापैकी सोडते, पण यूव्ही-बी जवळपास पूर्ण अडवते. बाल्कनी काचेने बंद करून आत लाल लेट्यूस लावणाऱ्यांना फिका रंग मिळतो तो यामुळेच. पॉलिकार्बोनेट दोन्ही अडवते.

तीन चौकटींची तुलना

पेपर बदलणे हा मोठा खर्च. त्याआधी आपल्या जातीला, आपल्या हवेत, यूव्ही-एने काम भागते की यूव्ही-बीच लागतो हे समजून घेतलेले बरे. महाविद्यालयातल्या प्रकल्पालाही ही रीत चालते.

पीव्हीसी पाइपच्या ६० बाय ६० सेंटीमीटरच्या, ६० सेंटीमीटर उंचीच्या तीन चौकटी करा. पहिलीवर साधे, कोणतेही शोषक नसलेले ५० मायक्रॉनचे पारदर्शक पॉलिथीन लावा. ते यूव्ही-ए आणि यूव्ही-बी दोन्ही सोडते. दुसरीवर १०० ते १२५ मायक्रॉनची पारदर्शक पॉलिएस्टर शीट, जिला बाजारात मायलार म्हणतात. ती साधारण ३१५ ते ३२० नॅनोमीटरच्या खालचे कापते, म्हणजे यूव्ही-बी अडतो आणि बहुतेक यूव्ही-ए आत येतो. तिसरीवर २ मिलीमीटर जाडीचे सपाट, पारदर्शक पॉलिकार्बोनेट, म्हणजे दोन्ही बंद. पॉलिएस्टर मागताना चुकून ॲसिटेट शीट घेऊ नका. दोन्ही हुबेहूब दिसतात, पण ॲसिटेट यूव्ही-बी सोडते आणि पहिल्या दोन चौकटींत काही फरकच दिसत नाही.

या प्रयोगात सर्वांत जास्त घोळ बाजूंच्या उघड्या जागेमुळे होतो. दिसणारा प्रकाश मुख्यतः सूर्याच्या दिशेने येतो. यूव्ही-बी मात्र हवेत इतका विखुरतो, की त्याचा निम्म्याच्या आसपास भाग सगळ्या आकाशातून येतो. वर शीट आणि बाजू मोकळ्या अशी चौकट केली, तर सावलीतल्या बाजूनेही यूव्ही-बी आत शिरतो. म्हणून त्याच शीटने चारही बाजू झाकायच्या, खाली हवेसाठी फक्त १० सेंटीमीटर जागा सोडायची आणि कुंड्या मध्यभागी ठेवायच्या. वरच्या कडेला दोन समोरासमोरच्या बाजूंना अरुंद फट ठेवून तिच्यावर त्याच शीटची झडप बसवली, की गरम हवा निघून जाते आणि किरण आत येत नाहीत. प्रत्येक चौकटीत थर्मामीटर हवा. दुपारी दोन वाजता चौकटींमधला फरक २ अंशांपेक्षा जास्त निघाला तर तुलना बाद, कारण उष्णता स्वतःच रंग उडवते.

प्रत्येक चौकटीत चार ते पाच पानांवर आलेली सहा रोपे ठेवा. दर दोन दिवसांनी कुंड्यांची जागा बदला, शीट ओल्या मऊ कापडाने पुसा. पंधरा दिवस पुरतात. पहिल्या दोन चौकटी सारख्याच लाल झाल्या तर तुमच्या जातीला यूव्ही-ए आणि निळा प्रकाश पुरेसा आहे. पहिली गडद, दुसरी मध्यम आणि तिसरी फिकी असा उतरता क्रम लागला तर यूव्ही-बीशिवाय गत्यंतर नाही.

वांग्यावर हे आणखी सोपे आहे. फळाच्या टोपीखालची साल उचलून पाहा. तिथे पांढरी असेल तर त्या जातीचा जांभळा रंग प्रकाशावर अवलंबून आहे आणि अतिनील अडवणाऱ्या छताखाली तो फिका पडू शकतो. टोपीखालीही जांभळी असेल तर त्या जातीला पेपरची फार काळजी नाही.

रंग आणण्याचे मार्ग

पहिला आणि माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे शेवटचे ६ ते ८ दिवस वेगळे करणे. रोप आत वाढवायचे, रंग बाहेर आणायचा. कोकोपीटच्या कुंड्या, ग्रो-बॅग किंवा हलवता येणारे चॅनेल असतील तर हे सहज जमते. जमिनीतल्या वाफ्यांसाठी पॉलिहाउसचा एक भाग शोषक नसलेल्या पेपरने झाकून तिथे लावणीच्या तारखा पुढेमागे करता येतात.

आतून थेट कडक उन्हात रोप ठेवले तर मात्र पाने भाजतात. छताखाली वाढलेल्या पानात फ्लॅव्होनॉलचा आडोसा तयारच झालेला नसतो. पहिले दोन दिवस सकाळी दहापर्यंतचेच ऊन द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिवसभर बाहेर, पण ३५ टक्क्यांच्या शेडनेटखाली. पाचव्या दिवसापासून पूर्ण मोकळे. डिसेंबर-जानेवारीत हे अंतर एखाद्या दिवसाने कमी केले तरी चालते. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात दुपारचा यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जातो, शिवाय उष्णता. तेव्हा शेडनेट काढूच नका. जाळीच्या भोकांतून पुरेसा अतिनील येतो, आणि नेट काढल्यास रंगाआधी लेट्यूस दांडीवर येतो आणि कडू होतो.

रंग चढतो तो मुख्यतः कोवळ्या, वाढत्या पानांवर आणि उजेड पडेल तिथेच. दाट लावणीत पाने एकमेकांवर चढली की झाकलेल्या भागावर हिरवे डाग राहतात. रंगाच्या टप्प्यात रोपांत २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. शेवटच्या आठवड्यात नत्र थोडे कमी करा. रंग आला की लगेच काढणी करा. लाल झालेली रोपे पुन्हा अडवणाऱ्या छताखाली नेऊन चार दिवस थांबलात, तर नवी वाढ फिकी येते आणि गड्डा पुन्हा हिरवट दिसतो.

अतिनील सोडणाऱ्या पेपरची एक किंमत आहे. पांढरी माशी आणि फुलकिडे अतिनील प्रकाशाच्या आधारे दिशा शोधतात, आणि अडवणाऱ्या छताखाली त्यांचा शिरकाव कमी असतो. पेपर बदलताना बाजूंना ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी आणि आत पिवळे-निळे चिकट सापळे यांची तजवीज आधी करा. त्याच छताखाली गुलाब असेल तर त्याच्यावरचा पेपर बदलू नका.

दिवे लावायचे असतील तर

बंद खोलीतल्या शेतीत दिव्यांना पर्याय नाही. तिथे सुरुवात निळ्या प्रकाशाचा वाटा वाढवून आणि ३६५ ते ३८५ नॅनोमीटरचे यूव्ही-ए एलईडी लावून करा. धोका कमी आणि पुष्कळ जातींना तेवढे पुरते. यूव्ही-बी त्यानंतर.

यूव्ही-बीची मात्रा किलोज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. मीटरवरचा वॉट प्रति चौरस मीटर हा आकडा गुणिले सेकंद, भागिले हजार. पानाच्या उंचीवर ०.३ वॉट मिळत असेल आणि दिवा तासभर चालला, तर ०.३ × ३६०० = १०८० ज्यूल, म्हणजे सुमारे १.१ किलोज्यूल. पहिल्या तीन दिवसांत रोज एवढेच द्या, पाने पाहा आणि मगच वाढवा. यूव्ही-बी मोजणारा मीटर नसेल तर यूव्ही-बी दिवा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिव्याचे अंतर निम्मे झाले की तीव्रता कितीतरी वाढते, आणि जुन्या नळीची तीव्रता घटलेली असते. अंदाज दोन्हीकडून चुकतो.

मात्रा दिवसा, नेहमीचे दिवे चालू असताना द्या. यूव्ही-बीने डीएनएत होणारी इजा फोटोलायेज हे विकर दुरुस्त करते आणि त्याला निळा किंवा यूव्ही-ए प्रकाश लागतो. अंधारात तीच मात्रा जास्त घातक ठरते. ३१३ नॅनोमीटरच्या आसपास शिखर असलेल्या फ्लुरोसंट नळ्या २९० च्या खालचेही किरण सोडतात, जे उन्हात जवळपास नसतातच. त्यांच्यावर ०.१ मिलीमीटरची सेल्युलोज ॲसिटेट शीट गुंडाळा. ही शीट पिवळी पडून ठिसूळ होते आणि हळूहळू यूव्ही-बीसुद्धा अडवू लागते, म्हणून ती ठरावीक तासांनी बदलावी लागते. निर्जंतुकीकरणाचा २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी दिवा या कामासाठी कधीही वापरू नका.

माणसांची काळजी यात सर्वांत आधी. यूव्ही-बीने डोळ्यांच्या बुबुळाला होणारी इजा लगेच जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ सुरू होते. पॉलिकार्बोनेटचा पूर्ण चेहरा झाकणारा शील्ड, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घाला. दार उघडताच दिवा बंद करणारा स्विच बसवा. काम करणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगा, नुसती पाटी लावून भागत नाही.

मात्रा जास्त झाल्याची खूण ओळखायला शिका. पान तकाकते, कडा वर वळतात, मग वरची बाजू कांस्यरंगाची, खरखरीत होते. हा तपकिरी रंग अँथोसायनिनचा नव्हे, मेलेल्या पेशींचा आहे. दोन दिवस दिवा बंद ठेवा आणि नंतर अर्ध्या मात्रेने सुरू करा. प्रमाणात दिलेल्या यूव्ही-बीनेही पान थोडे लहान आणि जाड होते. वजनात घट येणार हे गृहीत धरूनच भाव ठरवा.

रंग मोजायचा कसा

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात तेच पान वेगळे दिसते. प्रत्येक रोपाचे बाहेरून तिसरे पान, एकाच वेळी, घ्या. ५ ग्रॅम पान, ५० मिलिलीटर पाणी आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व मिक्सरमध्ये एक मिनिट फिरवून आधी कापडातून, मग फिल्टर पेपरमधून गाळा. पाणीच वापरा, स्पिरिट नको. स्पिरिटमध्ये हरितद्रव्य उतरते आणि आम्लात ते मळकट होऊन लाल रंग झाकते. पाण्यात ते विरघळत नाही, चोथ्यातच राहते. रस एकसारख्या ग्लासांत, पांढऱ्या कागदावर ठेवून एकाच उजेडात फोटो घ्या. रंगाचे आकडे दाखवणाऱ्या ॲपमध्ये हिरव्या घटकाचा आकडा पाहा. अँथोसायनिन हिरवा प्रकाश शोषते, म्हणून हा आकडा जितका कमी तितका रंग जास्त.

प्रयोगशाळा हाताशी असेल तर सामू-फरक पद्धत वापरा. रसाचे समान पातळीकरण सामू १.० च्या पोटॅशियम क्लोराइड बफरमध्ये आणि सामू ४.५ च्या सोडियम ॲसिटेट बफरमध्ये करा. २० मिनिटांनी दोन्हींचे ५२० आणि ७०० नॅनोमीटरवरचे शोषण घ्या. प्रत्येकातून ७०० चा आकडा वजा करा, मग सामू १.० च्या उत्तरातून ४.५ चे उत्तर वजा करा. आलेल्या आकड्याला ४४९.२, पातळीकरणाचा गुणक आणि १००० यांनी गुणून २६,९०० ने भागा. उत्तर सायनिडिन-३-ग्लुकोसाइडच्या रूपात, मिलिग्रॅम प्रति लीटर येते. शोषणाचा फरक ०.४२ आणि पातळीकरण पाच पट असेल, तर सुमारे ३५ मिलिग्रॅम प्रति लीटर. ५ ग्रॅम पान ५० मिलिलीटरमध्ये घेतले असल्याने, पानातला ओलावा हिशेबात न धरता, हेच १०० ग्रॅम पानामागे ३५ मिलिग्रॅम. रस गढूळ राहिला तर ७०० वरचा आकडा फुगतो. तेव्हा पुन्हा गाळा किंवा सेंट्रिफ्यूजमधून काढा आणि नव्याने मोजा.